दोन ओळींचा शेरा

ही वही माझी नाही. शाळेच्या कपाटातून मी ती घरी आणली त्याला दीडेक महिना झाला. तपकिरी कव्हर, कोपरे दुमडलेले, कव्हरवर बारीक अक्षरात इयत्ता नववी ब आणि विषय मराठी. जिची आहे तिला ती पाठवता येत नाही आणि परत कपाटात ठेवून कुलूप लावावं, तर तेवढी निगरगट्ट मी अजून झालेली नाही. म्हणून ती आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून असते. ताटं मांडताना मी ती उचलते आणि जेवणं झाली की पुन्हा तिथेच ठेवते.

त्या वहीतल्या शेवटच्या निबंधाखाली लाल पेनाने लिहिलेला दोन ओळींचा शेरा आहे. अक्षर माझं आहे. शब्द माझे नाहीत.

लालबागमधल्या एका मराठी शाळेत मी सव्वीस वर्षं मराठी शिकवते आहे. घोडपदेवहून चालत जाते, चालत येते. दोन तुकड्या मिळून शंभरावर वह्या होतात. इतक्या वह्यांवर इतकी वर्षं मी काय शेरे दिले म्हणाल, तर 'छान', 'बरे' आणि 'अक्षर सुधारा'. तीन रबरी शिक्के करून घेतले असते तरी काम भागलं असतं. याची मला मनातून लाज वाटायची, कारण मी शिक्षिका झाले ती एका शेऱ्यामुळेच. मी सातवीत असताना, परळच्या शाळेत, 'सकाळची न्याहारी' असा काहीतरी बाळबोध विषय होता. वडिलांची गिरणी तेव्हा बंद होती. आमच्याकडे सकाळी न्याहारी नसते, आई काळा चहा देते आणि तो मला आवडतो, असं मी सरळ लिहून दिलं. बाईंनी त्याखाली तीन शब्द लिहिले, 'मधल्या सुट्टीत भेट.' त्यानंतर वर्ष संपेपर्यंत मधल्या सुट्टीत मी बाईंच्या डब्यातली अर्धी भाजी-पोळी खाल्ली. त्यांनी माझं कौतुक केलं नाही की शुद्धलेखन सुधारलं नाही. त्यांनी फक्त ते वाचलं होतं.

दोन वर्षांपूर्वी दादरला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. कृत्रिम बुद्धिमत्ता वर्गात कशी वापरावी, हे एक तरुण मुलगा आम्हा पन्नाशीच्या बायकांना शिकवत होता. फोटो पाठवायचा तरी भाच्याला हाक मारणारी मी, पण तिथे माझं डोकं असं काही चाललं की मलाच नवल वाटलं. पाठाचं टाचण पाच मिनिटांत, प्रश्नपत्रिका दहा मिनिटांत. शाळेत परतले ती जाणकार होऊनच. बाकीच्या बाया मोबाईल घेऊन माझ्यामागे फिरू लागल्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

मग एका मोकळ्या तासाला मी पहिल्यांदा निबंधाच्या पानाचा फोटो काढला आणि त्या अ‍ॅपला म्हटलं, 'नववीच्या विद्यार्थ्याचा निबंध आहे. दोन ओळींचा शेरा दे. पहिल्या ओळीत कौतुक, दुसऱ्या ओळीत एक सुधारणा. भाषा प्रेमळ असावी.' डोळ्यांचं पातं लवायच्या आत शेरा हजर. मुलांचं गिचमिड अक्षर, जे लावताना माझे डोळे पाणावतात, ते त्याने सहज लावलं होतं. शेरा असा गोड की मला स्वतःला सुचला नसता. मी तो वहीत उतरवून काढला. एखादा शब्द बदलला, म्हणजे आपलाच झाला असं मनाला सांगायला. ती सूचना मी फोनमध्ये जपून ठेवली आणि हळूहळू मोकळ्या तासांत अख्ख्या तुकडीच्या वह्या उरकू लागले. फोन वहीवर आडवा ठेवायचा, डोळे फोनवर आणि हात वहीच्या तळाशी. पानावर काय लिहिलंय ते फोनखाली झाकलेलं असायचं.

मुलं बदलली, हे मी नाकारणार नाही. वह्या वाटल्या की आधी गलका व्हायचा, आता सगळे मान खाली घालून शेवटचं पान शोधायचे. कुणी शेजाऱ्याला दाखवायचा, कुणी हाताने झाकायचा. ज्यांनी वर्षानुवर्षं अर्ध्या पानावर निबंध संपवले, ती मुलं दीड पान लिहू लागली. पालक म्हणायचे, 'बाई किती बारकाईने वाचतात!' मुख्याध्यापिकांनी सभेत माझ्या वह्या सगळ्यांना दाखवल्या आणि विचारलं, 'तुम्हाला एवढा वेळ मिळतो कसा?' त्यावर मी म्हणाले, 'वेळ काढावा लागतो हो. मनापासून वाचावं लागतं.' हे मला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

आणि त्याच काळात वर्गात माझी काय मिजास! मुलांनी हीच युक्ती केली की मी तुटून पडायचे. एकाने निबंधात लिहिलं होतं, 'आमच्या अंगणातील आंब्याच्या सावलीत आजोबा गोष्टी सांगत.' पोरगा राहतो चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत. मी त्याला उभं केलं आणि विचारलं, 'काय रे, तिसऱ्या मजल्यावर आंबा कुठे लावलास? मोरीत?' वर्ग खदखदून हसला. मग मी लांबलचक भाषण दिलं, की यंत्र वापरा, पण विचार तुमचा हवा, मेहनत तुमची हवी, फसवाल तर स्वतःलाच फसवाल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पोरगा हसत हसत खाली बसला, पण त्याचे कान लाल झाले होते. ते लाल कान मला आता अधूनमधून आठवतात.

ज्या मुलीची ही वही, ती तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची. शिवडीला राहायची. वडील कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कामाला, आई एका ऑफिसात साफसफाई करते, धाकटा भाऊ पाचवीत. ही वर्गात असून नसल्यासारखी. प्रश्न विचारला तर उभी राहायची, ओठ हलवायची आणि आवाज शेवटी कुठेतरी घशातच राहायचा. मी म्हणायचे, 'बरं, बस', आणि ती 'हो बाई' म्हणून सुटल्यासारखी बसायची. जूनमध्ये तिचा निबंध आठ ओळींचा होता. ऑक्टोबरपर्यंत दोन पानांचा झाला. शेऱ्यात कधी 'बारकावे आणखी दे' असायचं, कधी 'तुला काय वाटलं तेही लिही', आणि ती तसं करत गेली. कुणीतरी आपल्याला एवढं ऐकतंय, असं त्या पोरीला वाटलं असेल. मला त्याचा पत्ता नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी विषय दिला, 'माझी आवडती जागा'. गुरुवारी वह्या आल्या, शुक्रवारी मी त्या उरकून परत दिल्या, कारण शनिवारी पालकसभा होती आणि पालकांनी शेरे बघावेत असं मला फार वाटत होतं.

पालकसभेला तिचे वडील आले. माणूस साधा, हात धुऊन आलेला तरी नखांत काळं राहिलेलं. मुलगी त्यांच्या शेजारी, वही छातीशी धरून. मागे दहा-बारा पालकांची रांग. मी म्हटलं, 'छान लिहायला लागली हो तुमची मुलगी.' ते खूश झाले. मग जरा घुटमळले आणि म्हणाले, 'बाई, एक इचारायचा होता. गावाकडं माझी आई पडली, खुब्याचं हाड मोडलंय. तिच्याजवळ कोणतरी पायजे. तर हिला दिवाळीनंतर तिकडच्या शाळेत घातली, तर काय फरक पडेल काय? मुंबईच पायजे, असं काय हाय का?'

मुलगी माझ्याकडे बघत होती. एरवी ती कधी डोळ्यांत बघत नसे. त्या दिवशी बघत होती, आणि मला वाटलं, कौतुक झालं म्हणून खुलली आहे.

मी म्हणाले, 'हुशार मुलगी कुठेही शिकते. ज्याला शिकायचंय, त्याला कुठलीही शाळा चालते.' वाक्य मला स्वतःला आवडलं. वडिलांनी मान डोलावली. मी पुढच्या पालकांकडे वळले.

जाताना मुलांनी वह्या परत जमा केल्या, सत्राचे गुण भरायचे होते म्हणून. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, तिसऱ्या बाकावरची जागा रिकामी. मैत्रीण म्हणाली, 'ती गावाला गेली, बाई. दाखला पण नेला.' मी 'अरेरे' म्हटलं आणि हजेरीपटात तिच्या नावावर रेघ ओढली. तीही लाल पेनानेच.

जानेवारीत मी कपाट आवरायला काढलं. तळाशी ही वही निघाली. रद्दीत टाकण्याआधी चाळावी म्हणून शेवटचं पान उघडलं, आणि खिडकीशी उभं राहून पहिल्यांदा ते वाचलं.

तिने आवडती जागा म्हणून आपला बाक निवडला होता. तिसरा बाक, खिडकीची बाजू. तिथून काही खास दिसत नाही, समोरच्या बिल्डिंगची पाठ दिसते, असं तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. एका बंद पंख्याच्या भोकात कबुतर राहतं आणि गणिताच्या तासाला हमखास बाहेर येतं. एक बाई रोज साडेअकराला त्याच तीन साड्या वाळत घालते. घरात चौघांत एक खोली आहे, पण हा बाक अर्धा का होईना माझा आहे, असं एक वाक्य होतं. आणि मग, पान उलटल्यावर, हे:

'दिवाळीनंतर ही जागा माझी नसेल. आजी पडली म्हणून मला गावाला ठेवणार आहेत. तिथली शाळा लांब आहे आणि आजीला सोडून रोज जाता येणार नाही. आई नको म्हणते पण बाबा ऐकत नाहीत. बाई, तुम्ही सगळ्यांचं शेवटपर्यंत वाचता, म्हणून मी इथे लिहिते. समोर बोलायला मला जमत नाही. शनिवारी बाबा येणार आहेत. तुमचं ते ऐकतील. दहावी होईपर्यंत हिला इथेच राहू द्या, असं तुम्ही त्यांना सांगाल का?'

त्याखाली माझ्या वळणदार अक्षरात: 'छान! शेवटी वाचकाशी थेट संवाद साधल्यामुळे लेखन परिणामकारक झाले आहे. बाकाचे वर्णन थोडे कमी करून शेवट अधिक फुलवता आला असता.'

मी खुर्चीत बसले. शिपाईमामांनी विचारलं, 'बाई, पाणी देऊ?' मला वाटतं मी नको म्हणाले.

पहिला राग आला तो यंत्राचा. घरी येऊन मी त्या पानाचे फोटो पुन्हा काढले, त्याला खडसावायच्या इराद्याने. या वेळी ठरलेली सूचना दिली नाही, नुसतं विचारलं, 'ही मुलगी काय म्हणते आहे?' त्याने उत्तर दिलं, की हा नुसता निबंध नाही, ही मुलगी आपल्या शिक्षिकेकडे मदत मागते आहे आणि शिक्षिकेने शनिवारच्या आत तिच्याशी बोलावं. म्हणजे विचारलं असतं तर तेव्हाही त्याने सांगितलं असतं. मी दोन ओळींचा शेरा मागितला होता, त्याने दोन ओळींचा शेरा दिला. माझा राग गेला आणि मग माझ्याजवळ माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. बाईंनी मला जे तीन शब्द दिले होते, ते तेव्हा मला लिहिता आले असते. ती शुक्रवारची मधली सुट्टी मी स्टाफरूममध्ये भेळ खात घालवली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी वह्या स्वतः वाचू लागले. शंभर वह्यांना आठवडा लागतो. डोळे दुखतात. आणि शेरे परत छोटे झाले, कारण वाचून झाल्यावर मला जास्त काही सुचत नाही. 'मग तो कुत्रा परत आला का?' 'हे मला माहीत नव्हतं.' एवढंच. गेल्या आठवड्यात एक मुलगी टेबलाशी येऊन कुरकुरली, 'बाई, आता तुम्ही आमचं नीट वाचत नाही का? पहिले कसले मस्त मोठे शेरे द्यायचात.' मी तिला म्हटलं, 'वेळ कमी पडतो गं.' खरं सांगायची ही चांगली संधी होती आणि मी ती घालवली.

फोन करायलाही मी तीन आठवडे लावले. वडिलांचा नंबर शाळेच्या रजिस्टरमध्ये होता. रोज ठरवायचे, रोज काहीतरी निघायचं. शेवटी एका रविवारी दुपारी लावला.

'बाई तुम्ही?' वडील म्हणाले. मागे ट्रक उभा राहिल्याचा आवाज. 'बोला ना.'

मी म्हटलं, 'मुलीची शाळा कशी चालली आहे तिकडे?'

'चाललीय. आठवड्यातनं दोन-तीन दिवस जाता येतं तिला. आईचं सगळं तीच बघते.' मग ते आपणहून म्हणाले, 'बाई, तुमचे उपकार हायेत. आमची मंडळी नकोच म्हणत होती. रोज भांडण. माझा पण जीव होत नव्हता. पण तुम्ही त्या दिवशी बोललात ना, हुशार मुलगी कुठंही शिकते, तेव्हा माझ्या डोक्यावरचा भार उतरला. मंडळींना सांगितलं, बाईच म्हणतात मग तुझं काय?'

मी म्हटलं, 'माझं चुकलं. मी तेव्हा विचार न करता बोलले. तिला इकडे आणा. दहावीला तिने इथे असायला हवं.'

'आता कसं, बाई?' ते म्हणाले. चिडून नाही, खरंच विचारत होते. 'आईला उठून बसता पण येत नाही अजून. मे महिन्यात बघू.' मग त्यांनी गावचा नंबर दिला.

तो फोन तिनेच उचलला. माझा आवाज ऐकून 'बाई!' म्हणून ओरडली. वर्गात तिचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आजी बरी आहे, शाळेत वाचनालय नाही, मराठीचे सर नुसतं 'ठीक' लिहितात, असं ती भराभर सांगत सुटली. 'पण माझ्याकडे तुमचे शेरे आहेत ना, बाई. वही जमा करायच्या आधी दर वेळी मी उतरवून घ्यायचे, वेगळ्या वहीत. इथे निबंध लिहिला की ते काढून बघते आणि माझं मीच सुधारते.'

मी म्हटलं, 'तुझा शेवटचा निबंध मी वाचला.'

'हो, शेरा होता ना.' तिचा आवाज जरा खाली आला. 'तेव्हाच कळलं मला.'

'काय कळलं?'

'की तुम्हाला पटलेलं नाही. नंतर बाबांना पण तुम्ही तेच बोललात. मग मी घरी काही बोलले नाही. म्हटलं, बाईंनी विचार करूनच सांगितलं असेल.'

इथे गप्प बसता आलं असतं. बाईंनी वाचलं, विचार केला आणि नाही म्हटलं, असं तिच्या मनात होतं. ते तसंच राहिलं असतं, तर माझा मान राहिला असता आणि तिला वाटत राहिलं असतं, की आपली मागणीच चुकीची होती. 'हॅलो, बाई?' ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. फोटो, फोन, सूचना, उतरवून काढणं. तुझं पान मी जानेवारीत पहिल्यांदा वाचलं, असं सांगितलं. तुझी मागणी बरोबर होती आणि मी तुझ्या बाबांशी बोलले आहे, पुन्हा बोलेन, असंही सांगितलं. मी रडत होते आणि ते तिला कळू नये म्हणून फोन तोंडापासून लांब धरत होते.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, 'म्हणजे आधीचे पण, बाई?'

'काय?'

'आधीचे शेरे. जूनपासूनचे.'

'हो,' मी म्हणाले. 'आधीचे पण.'

'हो बाई,' ती म्हणाली, वर्गात खाली बसताना म्हणायची तसं. मग म्हणाली, आजी हाक मारतेय.

मी घाईघाईने विचारलं, 'तुझी वही माझ्याकडे आहे, कुरियरने पाठवू का?'

'नको बाई,' ती म्हणाली. 'राहू दे तिथेच.'